काळ्या कोंबडीखाली पिवळं पिल्लू: परसातल्या पिल्लांचे रंग कसे ओळखायचे

कोंबडी काळी, कोंबडा तांबडा, आणि एकविसाव्या दिवशी डालगं उचलावं तर खाली एक पिवळंधमक पिल्लू, दोन खारीसारख्या पट्ट्यांची, एक काळं पण पोटाला पांढरं. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याच्या मनात लगेच तीन शंका येतात. अंडी बदलली, विकणाऱ्याने फसवलं, नाहीतर जात बिघडली. यातली एखादी शंका कधीमधी खरीही निघते. पण बहुतेक वेळा तो रंग त्याच आई-बापांच्या रक्तात आधीपासून असतो, फक्त अंगावर दिसत नसतो. तो कुठून आला हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो.

हे लिहितोय ते सातारा-सांगलीच्या माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ अशा भागांत वस्तीवर दहा-वीस कोंबड्या पाळायला घेतलेल्यांसाठी. मोठ्या ब्रॉयलर शेडवाल्यांना याची गरज नाही. त्यांची पिल्लं हॅचरीतून एकाच रंगाची येतात आणि कुणाच्या काही लक्षात येण्याआधी गाडीत चढतात. आपल्याकडच्या कोंबड्यांचं तसं नाही. मूळची गावठी, तिच्यात कधीतरी सरकारी योजनेतून आलेला रोड आयलंड रेड हा परदेशी तांबडा कोंबडा, मग गिरिराज, वनराज हे संकर, आणि अलीकडे काळ्या मांसाचा कडकनाथ, असं सगळं पिढ्यान्‌पिढ्या मिसळत आलंय. अशा कळपात एकसारखी पिल्लं निघाली तरच नवल.

पायरी पहिली: लव बघा, पण निकाल देऊ नका

पिल्लू बाहेर पडून वाळलं की त्याच्या अंगावर असते ती लव. पिसं नंतर येतात. लवेचा रंग आणि मोठेपणीचा रंग यांचं नातं आहे, पण ते सरळ नाही.

सगळ्यात जास्त फसगत काळ्या पिल्लांत होते. ज्याचं पुढे कुळकुळीत काळं पाखरू होणार आहे, ते पिल्लू जन्मतः पोटाला, गळ्याला आणि पंखांच्या टोकांना पांढरं-पिवळट असतं. ‘हे काबरं निघालं’ म्हणून लोक ते स्वस्तात देऊन टाकतात. दोन-अडीच महिन्यांत पांढरं गेलेलं असतं. उलट पाठीवर तपकिरी पट्टे असलेलं पिल्लू दिसलं तर ते मूळ रानकोंबडीचा रंग घेऊन आलंय असं समजा. त्याचा नर झाला तर तांबडी मान, काळी छाती. मादी झाली तर मातकट तपकिरी, वाळल्या गवतात लपणारी.

पिवळ्या पिल्लाचं सांगणं अवघड. पांढरी कोंबडी पिल्लू असताना पिवळी असते हे खरं, पण फिकट तांबूस, गव्हाळ किंवा पांढऱ्या अंगाची-काळ्या मानेची कोंबडीसुद्धा पिल्लूपणी पिवळीच असते. राखी लव दिसली तर बहुधा निळसर-राखी पाखरू होईल. त्याबद्दल पुढे येतंच.

अंड्याच्या कवचाचा रंग या सगळ्यात धरूच नका. तपकिरी अंड्यातून काळं पिल्लू निघतं, पांढऱ्यातूनही निघतं. कवचाचा रंग आईच्या शरीरात ठरतो आणि त्याचा आतल्या पिल्लाच्या पिसांशी संबंध नाही.

वहीत पहिल्या दिवशी नोंद करा: लव कुठल्या रंगाची, डोक्यावर ठिपका आहे का, पाठीवर पट्टे आहेत का, पाय कसे आहेत. मोबाईलवर फोटो काढला तर अंगणात उजेडात काढा. इन्क्युबेटरच्या पिवळ्या बल्बखाली सगळीच पिल्लं पिवळी दिसतात. मग पहिली पिसं आल्यावर, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बघा, आणि शेवटचं पाच-सहा महिन्यांनी. पक्का रंग तेव्हाचा.

पायरी दुसरी: बाप कोण ते आधी ठरवा

रंगाच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. कोंबडी एकदा नराला लागली की त्याचं बीज तिच्या अंगात दोन आठवडे सहज टिकतं, कधी तीन आठवडेही. म्हणजे जुना कोंबडा रविवारी जत्रेला कापला आणि सोमवारी नवा आणून सोडला, तर पुढच्या आठवड्यातली अंडी कोणाची हे खुद्द कोंबडीलाही सांगता येणार नाही. एकाच खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या बारा अंड्यांना तीन बाप असू शकतात. त्यात शेजारच्या वस्तीवरचा कोंबडा कुंपण मानत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा एखाद्या कोंबड्याची पिल्लं कशी होतात हे बघायचं असेल तर बाकीचे नर बाजूला काढा, आठ-दहा कोंबड्यांमागे एकच नर ठेवा, आणि तीन आठवडे निघणारी अंडी खायला किंवा विकायला वापरा. चौथ्या आठवड्यापासूनची अंडी उबवायला घ्या. हे तीन आठवडे वाचवायचा मोह होतो, आणि मग पुढचे सहा महिने तर्क लढवण्यात जातात.

पायरी तिसरी: अंड्यावर पेन्सिलने लिहा

अंडं कोणत्या कोंबडीचं आहे हे चार दिवस नीट बघितलं की ओळखू येतं, कारण प्रत्येक कोंबडीच्या अंड्याचा आकार आणि छटा साधारण ठरलेली असते. खात्री नसेल तर तिला सकाळी डालग्याखाली ठेवा आणि अंडं दिल्यावर सोडा. अंड्यावर कोंबडीची खूण आणि तारीख पेन्सिलनेच लिहा. पेनाची शाई कवचातून आत झिरपू शकते. आठवड्यापेक्षा जुनी अंडी बसवू नका. पिल्लं निघाल्यावर कोणतं कोणाचं हे कळावं म्हणून नखाला नेलपॉलिश लावली तरी आठवडाभर काम भागतं. नंतर पायात सैल रिंग घाला आणि पाय जाड होत जाईल तशी बदला.

पायरी चौथी: कोंबडीचा हिशेब माणसापेक्षा उलटा

आता थोडं शास्त्र. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. काही प्रती वरचढ असतात, एक असली तरी अंगावर दिसतात. काही दबून राहतात, दोन्हीकडून आल्या तरच वर येतात. काळ्या कोंबडीच्या अंगात दबलेला पांढरा असू शकतो आणि आयुष्यभर कुणाला कळत नाही. काही गुण मधलेच असतात. निळसर-राखी रंग हे त्याचं ठळक उदाहरण. एक प्रत असली की काळा रंग राखी होतो, दोन असल्या की पाखरू मळकट पांढरं, अंगावर राखी शिंतोडे असलेलं होतं. म्हणून राखी कोंबडा आणि राखी कोंबडी एकत्र ठेवली तरी सगळी पिल्लं राखी येत नाहीत. साधारण चारात एक काळं, दोन राखी, एक शिंतोड्यांचं. पिल्लं सगळी राखीच हवी असतील तर राखीला राखी लावू नका, शिंतोड्यांच्या नराखाली काळ्या कोंबड्या ठेवा. इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोंबड्यांवर जे प्रयोग केले, त्यात हा राखी रंगाचा हिशेब होता.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माणसांत बापामुळे मुलगा की मुलगी हे ठरतं. पक्ष्यांत ते आईमुळे ठरतं. कोंबड्याकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी आपलं झेड फक्त मुलग्यांना देते, मुलींना डब्ल्यू देते. मुलीला झेड मिळतं ते केवळ बापाकडून. त्यामुळे झेडवर बसलेला गुण आईकडून मुलाकडे जातो, आणि मुलीत मात्र बापाचाच दिसतो.

पायरी पाचवी: पांढरं कुठून आलं

पांढऱ्या कोंबड्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हेने पांढऱ्या असतात आणि बाहेरून फरक कळत नाही.

पहिला पांढरा वरचढ. लेगहॉर्न या परदेशी जातीच्या पांढऱ्या कोंबड्यांत हा असतो. एक प्रत असली तरी काळा रंग दाबून टाकतो. लेगहॉर्न कोंबडा काळ्या गावठी कोंबड्यांत सोडला तर पिल्लं पांढरीच निघतात, मात्र मोठेपणी अंगावर अधूनमधून काळे ठिपके उमटतात. हा गुण तांबड्याला तितका आवर घालत नाही, म्हणून तांबड्या कोंबडीबरोबर झालेल्या पिल्लांत पांढऱ्यावर तांबूस छटा येते. कुणी म्हणतं ‘रंग फुटला’. त्यात फुटण्यासारखं काही नाही, एकच प्रत असल्याची ती खूण आहे.

दुसरा पांढरा दबलेला. दोन्ही पालक रंगीत असून चार पिल्लांत एखादं पांढरं निघालं तर बहुधा हाच. या पिल्लाची लव लेगहॉर्नसारखी स्वच्छ पिवळी न दिसता बरेचदा धुरकट दिसते. हा रंग एका पिढीत गायब होतो आणि भावंडं किंवा बाप-लेकी एकत्र आल्या की उगवतो. समजा तुमच्या काळ्या नरात दबलेल्या पांढऱ्याची एक प्रत आहे आणि घरच्या माद्यांत ती नाही. पहिल्या वर्षी सगळी पिल्लं रंगीत. त्यातल्या निम्म्या तलंगांकडे, म्हणजे तरुण माद्यांकडे, ती प्रत गुपचूप आलेली असते. दुसऱ्या वर्षी तोच कोंबडा त्या सगळ्या तलंगांवर राहिला तर आठात एक पिल्लू पांढरं येऊ शकतं. कोंबडा तोच, कोंबड्या घरच्याच, नवं पाखरू आणलेलं नाही, तरी पांढरं निघालं. गावात यावर बरीच चर्चा होते.

अशा वेळी पांढऱ्या पिल्लाची काळजी करायचं कारण नाही, पण कोंबडा बदलायची वेळ झाली हे ओळखा. जो रंग दबून होता तो नात्यातल्या जोडीमुळे वर आला, तसे इतर वाईट गुणही वर येतात. अंडी कमी फळणं, पिल्लं अशक्त निघणं, हे त्याच वाटेने येतं.

डोळे काळे किंवा तांबूस-तपकिरी असले तर पांढरं पिल्लू चांगलं बघतं, चांगलं वाढतं. डोळे गुलाबी असले तर मात्र ते खरं रंगहीन, त्याला उन्हात नीट दिसत नाही. ते मोकळं सोडलं तर घार नेते.

पायरी सहावी: काबरी कोंबडी आणि डोक्यावरचा ठिपका

यात पैसा आहे, म्हणून नीट वाचा. पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता आली तर तलंगा ठेवून नर वेगळे वाढवता येतात.

आपण काबरी म्हणतो त्यात दोन प्रकार मिसळलेले असतात. एका प्रकारात प्रत्येक पिसावर आडवे पट्टे असतात, काळा-पांढरा-काळा-पांढरा, प्लायमाऊथ रॉकसारखे. दुसऱ्यात पिसं काळी आणि टोकाला पांढरा ठिपका. एक पीस उपटून हातात घेतलं की फरक लगेच दिसतो. कामाचा आहे तो आडव्या पट्ट्यांचा. तो झेडवर बसलेला आहे आणि वरचढ आहे.

आडव्या पट्ट्यांची कोंबडी घ्या आणि तिच्यावर बिनपट्ट्याचा काळा किंवा गडद तांबडा कोंबडा ठेवा. तिचं पट्ट्याचं झेड फक्त मुलग्यांना जाणार. तेव्हा गडद पिल्लांत ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो नर, ज्याचं डोकं साफ ती मादी. पिवळ्या लवेच्या पिल्लांत ठिपका दिसत नाही, म्हणून कोंबडा गडद हवा आणि पांढरं रक्त मध्ये नको.

हे उलटं केलं, म्हणजे पट्ट्यांचा शुद्ध कोंबडा आणि साध्या कोंबड्या, तर नर-मादी सगळ्यांच्याच डोक्यावर ठिपका येतो आणि ओळख बुडते. आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिसऱ्या वेळी होतो. पहिल्या मेळातला एखादा देखणा पट्टेदार नर लोक पुढे पैदाशीला ठेवतात. त्याच्याकडे पट्ट्याची एकच प्रत असते. त्याच्या पिल्लांत, साध्या कोंबड्यांपासून झालेल्या, निम्म्या नरांवर आणि निम्म्या माद्यांवर ठिपका येतो. ‘गेल्या वर्षी ठिपक्यावरून बरोबर कळलं, यंदा चुकलं’ असं कुणी म्हटलं की आधी विचारा, कोंबडा कुठला होता.

सोनेरी-चंदेरी हीही अशीच जोडी. रोड आयलंड रेडसारखा तांबडा कोंबडा आणि लाइट ससेक्ससारखी चंदेरी कोंबडी असा मेळ झाला तर नर पिल्लं फिकट पिवळी आणि माद्या तांबूस निघतात. तपकिरी अंड्यांच्या लेअर संकरात हॅचरीवाले रंगावरून पिल्लं वेगळी करतात ती याच गुणावर.

पायरी सातवी: कडकनाथ आणि पायांचे रंग

2019 साली सांगली जिल्ह्यातला कडकनाथ गुंतवणूक घोटाळा गाजला, तेव्हापासून आपल्याकडे काळं पिल्लू दिसलं की माणूस आधी संशयाने बघतो. बघावंच. पण काय बघायचं ते माहीत हवं.

काळी पिसं आणि काळी कातडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुळकुळीत काळ्या पिसांची गावठी कोंबडी आतून पांढरी असते. उलट खऱ्या कडकनाथमध्ये सोनेरी छटेचा आणि मानेवर पांढऱ्या रेघांचा, असेही प्रकार आहेत. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच्या काळ्या मांसामुळे. चोच उघडून जीभ बघा, तुरा, पाय, पंखाखालची कातडी बघा. सगळं काळसर हवं. अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी-मलईच्या रंगाचं असतं, आणि रक्त लालच असतं. काळं अंडं म्हणून कुणी काही विकत असेल तर तिथून निघा.

आता मिश्र पिल्लांचं. कातडी काळी करणारा गुण कडकनाथकडे आहे, पण तो अंगभर पसरू द्यायचा की रोखायचा हे ठरवणारा दुसरा गुण झेडवर बसतो. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या गावठी कोंबडीकडे रोखणारी प्रत असते. तिच्यावर कडकनाथ कोंबडा ठेवला की ती रोखणारी प्रत मुलग्यांना देते. मुलींना झेड मिळतं ते फक्त कडकनाथ बापाचं. म्हणून तलंगा काळ्या कातडीच्या आणि नर फिकट, असा निकाल लागतो. उलटा मेळ, म्हणजे कडकनाथ कोंबडी आणि पांढऱ्या-पिवळ्या पायांचा शुद्ध गावठी कोंबडा, तर सगळीच पिल्लं फिकट. विकणाऱ्याचा कोंबडा अस्सल असूनही घरची निम्मी पिल्लं ‘नकली’ का वाटतात, त्याचं कारण हे.

पाय पहिल्या आठवड्यांत पक्के रंगत नाहीत, तेव्हा घाई नको. पांढऱ्या कातडीखाली काळा रंग असला तर पाय सुरमई दिसतात. पिवळ्या कातडीखाली काळा असला तर हिरवट. हिरवे पाय म्हणजे आजार समजून औषध पाजणारे लोक मी बघितलेत. पिवळी कातडी दबलेल्या गुणाने येते, म्हणून पांढऱ्या पायांच्या जोडीला पिवळ्या पायांचं पिल्लू होऊ शकतं. या पिवळ्या पायांची एक गंमत आहे. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याची वंशज, पण पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 मध्ये संशोधकांनी दाखवलं. हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या कोयना, चांदोली, महाबळेश्वरच्या रानात पहाटे ओरडतो तोच.

पिवळेपणा खाण्यावरही असतो. मका आणि हिरवा पाला मिळाला तर पाय गडद पिवळे, आणि कोंबडी जोरात अंड्यावर असली की फिके पडतात. त्यात जात बिघडत नाही.

पायरी आठवी: संकराची पिल्लं घरी उबवली तर

गिरिराज किंवा वनराज ही वेगवेगळ्या वाणांचा मेळ घालून तयार केलेली पिल्लं. विकत आणलेली पिढी वाढीला चांगली. त्यांचीच अंडी घरी उबवली की पुढच्या पिढीत पत्ते नव्याने पिसले जातात, रंगाचे आणि वजनाचेही. कुणी तांबडं, कुणी काळं, कुणी काबरं, कुणी आजोबांवर गेलेलं. हा दोष कुणाचा नाही. तशीच पिल्लं पुन्हा हवी असतील तर पुन्हा विकत आणावी लागतात. कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

मान उघडी असलेली पिल्लं निघाली तर तोही वंशाचाच गुण. एक प्रत असली की गळ्याच्या पुढे पिसांचा झुपका राहतो, दोन असल्या की मान जवळजवळ साफ. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात ही पाखरं तगून राहतात. दिसायला बरी नाहीत म्हणून काढून टाकू नका.

जिथे वंशाचा संबंधच नसतो

बाजारात, जत्रेत हिरवी, गुलाबी, जांभळी पिल्लं विकायला येतात. ती रंगात बुडवलेली असतात, आणि बहुतेक लेअर हॅचरीतले नको असलेले नर असतात. पिसं आली की रंग गेला. मुलाच्या हट्टापायी घेतलीत तर अंड्यांची आशा ठेवू नका.

काळी कोंबडी उन्हाळ्यात पाठीवर तांबूस-तपकिरी होते. तो उन्हाचा परिणाम, पिसं झडून नवी आली की पुन्हा काळी. टोचाटोचीत किंवा जखमेत पीस मुळासकट गेलं तर त्या जागी पांढरं पीस येऊ शकतं. रंगीत पिल्लांच्या पंखांत अचानक पांढरी पिसं दिसायला लागली, आणि तीही बऱ्याच पिल्लांत एकदम, तर खाद्य तपासा. नुसत्या ज्वारी-मक्याच्या कण्यांवर वाढवलेल्या पिल्लांना पुरेशी प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळत नाहीत आणि पिसांत रंग नीट भरत नाही. चांगलं चिक-स्टार्टर खाद्य दिल्यावर पुढची पिसं बहुधा सुधारतात. सुस्ती, पंख गळणं, हिरवी हगवण सोबत असेल तर हा रंगाचा विषय उरत नाही. पशुवैद्याला दाखवा. सातारा जिल्ह्यात शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

मोराच्या अंड्यांबद्दल

खटाव-माणच्या माळावर, खानापूरच्या शेतांत मोर पुष्कळ. पावसाळ्यात बांधावर किंवा गवतात मोराची अंडी सापडतात आणि कुणाच्या तरी मनात येतं, खुडूक कोंबडीखाली ठेवू. ठेवू नका. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी उचलणं, पिल्लू पाळणं हा गुन्हा. घरटं कापणीत उघडं पडलं तर तेवढा तुकडा सोडा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

रंगांचं कोडं मात्र मोरातही तेच आहे. मोराचं नेहमीचं पिल्लू मातकट तपकिरी. प्राणिसंग्रहालयात दिसतो त्या पांढऱ्या मोराचं पिल्लू पिवळं असतं. त्या मोराचे डोळे लाल नसतात. तो रंगहीन नसून पिसांत रंग न भरणारा आहे, आणि पुरता पांढरा व्हायला आई-बाप दोघांकडून प्रत यावी लागते. काळ्या खांद्याचा मोर युरोपात एकेकाळी वेगळी जातच मानला गेला. साध्या मोरांच्या कळपात अशी पिल्लं अचानक निघतात हे डार्विनने 1868 मध्ये लिहून ठेवलं. आज ठाऊक आहे की तो दबलेल्या गुणाचा खेळ. परदेशात जिथे मोर पाळायला परवानगी आहे तिथे कॅमिओ नावाचा फिकट तपकिरी रंग पाळणारे लोक आहेत. तो झेडवरचा दबलेला गुण. कॅमिओ मोर आणि साधी लांडोर यांच्या सगळ्या मुली कॅमिओ, मुलगे सगळे साधे, पण त्यांच्या अंगात तो रंग दबलेला. आपल्या काळ्या तलंगा आणि फिकट नरांचा जो हिशेब वर मांडला, तसाच.

पायरी नववी: संशय राहिला तर पारखायचा मेळ घाला

एखादा देखणा काळा कोंबडा पुढे ठेवायचाय, पण त्याच्यात दबलेला पांढरा आहे का ही शंका आहे. तर त्याच्यासोबत दबलेल्या पांढऱ्याची कोंबडी ठेवा. लेगहॉर्न चालणार नाही, तिचा पांढरा वरचढ असल्याने सगळीच पिल्लं पांढरी येतील आणि काहीच कळणार नाही. घरच्याच रंगीत जोडीपासून झालेली पांढरी तलंग यासाठी उत्तम. कोंबड्यात ती प्रत असेल तर निम्मी पिल्लं पांढरी निघायला हवीत. एक जरी पांढरं निघालं तरी उत्तर मिळालं. सलग सात पिल्लं रंगीत निघाली तर प्रत असूनही असं घडण्याची शक्यता 128 त एक उरते, तेवढ्यावर कोंबडा ठेवायला हरकत नाही. दोन-तीन पिल्लांवर मात्र काही ठरवू नका.

आणि कोंबडा ठरवताना रंग शेवटी बघा. आधी त्याच्या आईची अंडी किती, तिची पिल्लं किती जगली, तो स्वतः कितव्या महिन्यात किती वजनाचा झाला, पाय सरळ आहेत का, हे वहीत शोधा. दोन सारखेच चांगले निघाले तर मग आवडेल त्या रंगाचा ठेवा. फक्त त्याच्या बहिणी दुसऱ्या कुणाला देऊन टाका, किंवा त्याला शेजारच्या गावात देऊन तिथला नर बदली घ्या, आणि तो आल्यापासूनचे पहिले तीन आठवडे अंडी बाजारात पाठवा.